दोन लांब, एक आखूड

"ताई, न्या बिनधास्त, पण एक सांगतो, ह्यात हॉर्न लई हाय," असं गुलमंडीतल्या गयासभाईंनी पिशवी हातात देताना सांगितलं होतं. चारुताने ते कानाआड केलं. एरवी ती बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख दोनदा वाचणारी, डॉक्टरांना एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारणारी बाई. पण त्या दिवशी तिला वाटलं, हॉर्न असला तर असला. आपल्याला काय गाडी चालवायची आहे?

पिशवीत 'सायकल स्टँड' या मालिकेच्या डीव्हीडींचा पहिला संच होता. चारुता अकरावीत असताना दर गुरुवारी संध्याकाळी ही मालिका लागायची. कॉलेजचा सायकल स्टँड, तिथे टवाळक्या करणारी चार पोरं-पोरी आणि त्यांच्या मागावर असलेले प्राचार्य. प्राचार्यांची जुनी जीप फाटकातून आत शिरली की हॉर्न वाजायचा, दोन लांब, एक आखूड, आणि सगळी पोरं सायकली टाकून पळत सुटायची. यावर चारुता आणि तिच्या मैत्रिणी पोट धरून हसायच्या. शुक्रवारी कॉलेजात तेच सगळं एकमेकींना सांगून परत हसायच्या.

आता गयासभाई दुकानातल्या डीव्हीडी काढून टाकून मोबाइलची कव्हरं ठेवणार होते. "चार संच आहेत. सुटा एक नाय देणार. आज एक घरी नेऊन बघा, और कल शामको छे के अंदर फोन करा. छे बजे जालन्याचं एक गिऱ्हाईक येतंय, तो सगळाच माल उचलणार," ते म्हणाले.

म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत ठरवायचं होतं. मालिका खरोखर चांगली होती, की आपण सोळा वर्षांच्या होतो म्हणून चांगली वाटली? चारुताने नवऱ्याला, देवेशला, कंपनीत फोन लावला.

"घे की," देवेश म्हणाला.

"अरे पण आता आवडली नाही तर?"

"मग नको घेऊ."

"तू नीट सांग ना."

"नीटच सांगतोय. घे किंवा नको घेऊ. ठेवतो, साहेब आले."

दुसरा दिवस मंगळवार, आणि मंगळवारी तिला घर सोडून कुठे जाता येणार नव्हतंच. ते दुष्काळाचं वर्ष. जायकवाडीत किती टक्के पाणी उरलं हे पेपरात पहिल्या पानावर यायचं. शहर मात्र बीड बायपास ओलांडून सातारा परिसरात पसरत चाललं होतं. इमारती आधी आल्या होत्या, नळ मागून येणार होते. चारुताच्या इमारतीत दहा घरं होती आणि तिसऱ्या दिवशी एक टँकर. टँकरवाला सर्जेराव दिवसभरात कधीही यायचा. इमारतीशी आला की आपल्या ठरलेल्या खुणेचा हॉर्न द्यायचा. ज्या घराची पाळी असेल त्याने खाली जाऊन हौदाच्या झाकणाचं कुलूप काढायचं, पाणी पडताना उभं राहायचं, चिठ्ठीवर सही करायची. पाच मिनिटांत कोणी उतरलं नाही तर सर्जेराव टँकर पुढच्या सोसायटीला न्यायचा. त्यालाही मागून फोन येत असायचे.

शिवाय एक रीत होती. पाइप हौदात सोडण्याआधी प्रत्येक घराने एक बादली पाइपावरच भरून घ्यायची. हौदातलं पाणी गढूळ, पाइपाचं स्वच्छ. त्यामुळे हॉर्न वाजला की दहाही घरं बादल्या घेऊन जिन्यावर असायची.

चारुता भाडेकरू, येऊन चार महिने झालेले, आणि ही तिची पहिलीच पाळी. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष लक्ष्मणराव सकाळी स्वतः किल्ली द्यायला आले होते. "भाडेकरूंना पाळी देऊ नये असं काहींचं मत होतं. माझं नव्हतं," असं म्हणून त्यांनी किल्ली अशी ठेवली की ते मत कोणाचं होतं हे कळावं. त्यात दीड वर्षाच्या वरदचं पोट दोन दिवस बिघडलेलं. न्हाणीघरात दुपट्यांचा ढीग, पिंपात तांब्याभर पाणी. आजचा टँकर चुकला तर पुढचा शुक्रवारी.

दुपारी वरद झोपला. तिने लग्नात आहेर म्हणून आलेला डीव्हीडी प्लेयर पुसला, पहिली तबकडी घातली आणि किल्ली मुठीत धरून सोफ्यावर बसली. कोरी वही घेतली होती. एका बाजूला 'घ्यावं', दुसऱ्या बाजूला 'घेऊ नये'.

पहिलाच विनोद झाला. चारुता हसली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण विनोदाच्या आधीच हसलो. हे कुठल्या बाजूला लिहायचं? तिला समजेना. विचार करत ती वरदसाठी पाणी उकळायला स्वयंपाकघरात गेली, आणि हॉर्न वाजला. दोन लांब, एक आखूड.

गॅस बंद करून ती किल्लीसह धावली. जिन्यात दहा घरांच्या बादल्यांचा खणखणाट. खाली रस्ता रिकामा.

"पुढच्या गल्लीत गेला असेल," लक्ष्मणराव म्हणाले. "येईल वळून."

तो वळून आला नाही. पंधरा मिनिटांनी सगळे वर गेले. चारुता दुपटी पिळत असताना पुन्हा हॉर्न वाजला. पुन्हा बादल्या, पुन्हा रिकामा रस्ता. तिसऱ्या मजल्यावरच्या कालिंदीताईंचा गुडघा दुखायला लागला. लक्ष्मणरावांनी सर्जेरावला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"भरायच्या लायनीत हाय की. माझ्याम्होरं अजून चार गाड्या हायत."

"मग आत्ता इथे हॉर्न कोणी दिला?"

"म्या कसं सांगू? म्या इथं हाय."

हे उत्तर सगळ्यांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितलं आणि दर वेळी ते जास्तच गूढ झालं. दुसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, आपलं पाणी पळवायला दुसरा कोणीतरी त्याच खुणेचा हॉर्न वाजवून बघतोय. चारुताला ते पटलं. काळजी करण्याजोगी कुठलीही गोष्ट तिला लगेच पटायची.

म्हणून तिसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा ती सगळ्यांच्या आधी खाली पोचली. कुलूप काढलं, दोन्ही हातांनी लोखंडी झाकण उचलून बाजूला टेकवलं आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. बाकीचे धापा टाकत आले. सर्वांत शेवटी, हात हलवत, समोरच्या दारातली शकीला आली. तिच्याकडे बादली नव्हती.

"शकीलाभाभी, बादली?" कोणीतरी विचारलं.

"काहेकी बादली?" शकीला म्हणाली. "चारुता, तुझा दरवाजा उघडा हाय. मी आत डोकावले. टीव्हीत एक टकला बुढ्ढा जीपमधी बसून हॉर्न मारतोय."

आठ रिकाम्या बादल्या चारुताकडे बघत होत्या.

"म्हणजे आम्ही तीनदा जिना उतरलो तो सिनेमासाठी?" कालिंदीताई म्हणाल्या.

"सिनेमा नाही, मालिका आहे," चारुता म्हणाली. हे तिने सांगायला नको होतं.

"मालिका," लक्ष्मणराव म्हणाले. "काहींचं मत बरोबरच होतं म्हणायचं."

तेवढ्यात वरून वरदचं रडणं ऐकू आलं आणि चारुता मिळेल ती पायरी गाठत वर पळाली.

वरदला मीठ-साखरेचं पाणी पाजून पुन्हा झोपवेपर्यंत चार वाजून गेले. टीव्ही बंद करावा असं तिच्या मनात आलं. पण वहीत एका बाजूला दोन ओळी झाल्या होत्या, दुसऱ्या बाजूलाही दोनच, आणि जालन्याचं गिऱ्हाईक एव्हाना बदनापूरपर्यंत आलं असणार. तिने आवाज पार बंद केला आणि पुढचा भाग लावला.

आणि गंमत अशी, की आवाजाविना मालिका फारच छान वाटायला लागली. पोरं नुसती तोंडं हलवत होती आणि त्यांची वाक्यं चारुताला सगळी पाठ होती. ती मनातल्या मनात म्हणत होती आणि ओढणी तोंडात कोंबून हसत होती. पडद्यावर जीप फाटकात शिरली. पोरं पळाली. आणि हॉर्न वाजला.

आवाज बंद केला नव्हता? तिने रिमोटची दिसतील ती बटणं दाबली. दार उघडून जिन्यात ओरडली, "कोणी उतरू नका हो. माझाच टीव्ही आहे. सॉरी."

"आम्ही कुठे उतरतोय," वरून लक्ष्मणरावांचा आवाज आला.

ती परत येऊन बसली, आवाज पुन्हा बंद केला आणि तो भाग शेवटपर्यंत पाहिला. नावं वर सरकायला लागली तेव्हा तिचा हात सवयीने किल्ली चाचपायला गेला. मुठीत किल्ली नव्हती. सोफ्यावर नव्हती, ओट्यावर नव्हती. किल्ली खाली कुलपात होती, आणि कुलूप झाकणाशेजारी जमिनीवर. म्हणजे हौद उघडा. गल्लीतली पोरं पाचला क्रिकेट खेळायला तिथेच येतात. आणि ती उठणार तोच दुसरा विचार आला. मघाशी बटणं दाबली, त्यानंतर टीव्हीचा आवाज मोठा झाला होता. म्हणजे त्याआधी तो बंदच होता.

मग हॉर्न कोणाचा होता?

ती गॅलरीत धावली. गल्लीच्या टोकाला टँकरची पाठ वळताना दिसली. ती वरदला तसाच काखोटीला मारून लक्ष्मणरावांच्या दारात गेली. "टँकर आला होता. मीच सगळ्यांना थांबवलं. आणि झाकण उघडं आहे," असं एका दमात सांगून तिथेच भिंतीला टेकली.

लक्ष्मणरावांनी चष्मा लावला, फोन लावला. "सर्जेराव, वळव गाडी. वाटेल ते कर, पण वळव."

"आता वळवून काय करू? रिकामी हाय गाडी."

"रिकामी कशी?"

"पानी टाकलं की तुमच्या हौदात. आज्जी बसली व्हती ना झाकणापाशी. अंगठा घेतला म्या चिठ्ठीवर."

सगळी इमारत चौथ्यांदा खाली उतरली. या वेळी बादल्या कोणीच आणल्या नव्हत्या.

हौद काठोकाठ भरला होता. झाकण लावलेलं, आणि झाकणावर पदर खोचून, पाय ओले झालेली गोजरबाई बसली होती. पार्किंगच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ती एकटी राहायची आणि जिने झाडायची. तिच्याशेजारी स्वच्छ पाण्याची एक बादली होती. चारुताला बघून तिने किल्ली पुढे केली आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "झाकण उघडं टाकून जाती व्हय गं? लेकराची माय ना तू? एखादं पोरगं पडलं म्हंजी? म्हून बसले राखत. तर ही गाडी आली म्होरं."

"आजी, तुम्ही हॉर्न ऐकलात?" चारुताने तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"हारन?" गोजरबाई म्हणाली. "मला कुठं ऐकाया येतंय. दोन वर्सं झाली. तुम्ही समदे बादल्या घिऊन वर जाया लागलात की कळतं मला, गाडी यून गेली म्हून. मंग घेते हौदातलं." तिने शेजारच्या बादलीत बोट बुडवून बघितलं. "आज नितळ दिसतंय बाई पानी. तळ दिसतोय बादलीचा."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढून पुसला. कालिंदीताई गुडघा चोळत राहिल्या. इमारतीत घरं दहा आहेत, असंच सगळे आजवर मोजत आले होते.

सहाला पाच कमी असताना चारुताने गयासभाईंना फोन केला.

"बोला ताई. काय ठरलं?"

"कळत नाहीये हो. आवाज लावला तर एवढी काही चांगली नाहीये. आवाज बंद केला तर फार चांगली आहे."

"सांगितलं होतं ना, हॉर्न लई हाय. मग जालनेवाल्याला देऊ?"

"नको, नको. ठेवा. चारी माझ्यासाठी ठेवा."

शुक्रवारी सर्जेराव मंगळवारच्या चिठ्ठीवर अंगठ्याशेजारी चारुताची सही घ्यायला वर आला तर चारुताच्या सोफ्यावर गोजरबाई मांडीवर वरदला घेऊन बसलेली, टीव्ही मुका, आणि जीप दिसली रे दिसली की आजी आणि नातू शोभतील असे दोघं खिदळत होते. वरदचं पोट एव्हाना ठीक झालं होतं. सर्जेराव दारातच थबकला.

"आवं ताई, हे तर सायकल स्टँड," तो म्हणाला. "फर्दापूरला मामाकडं बघायचो आम्ही. त्या म्हाताऱ्याचा हारन लई आवडायचा मला. गाडी घेतली तवाच ठरवलं, आपला हारन असाच. लोकं पळत आली पायजेत." तो जरा घुटमळला. "एखादी तबकडी बघायला द्याल का? परत आणून देतो."

चारुताने दिली. संच विकत घेतले ते योग्य केलं की नाही, हे मात्र तिला अजून ठरवता आलेलं नाही. वहीत दोन्ही बाजूंना सारख्याच ओळी आहेत. टँकर आला की आता ती आधी खालच्या पत्र्याच्या दाराची कडी वाजवते, मग आठवतं की कडी ऐकू येणार नाही, मग आत जाऊन खांद्याला हात लावते.

आणि तुम्हाला तिचं एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे पाणी तिसऱ्या दिवशी येत असो की रोज, हॉर्न वाजला आणि तुम्ही बादली उचललीत, की जिन्यात एकदा मागे वळून मोजा. तुमच्याही इमारतीत कुठेतरी, बहुधा मागच्या बाजूला, एखादी गोजरबाई असेल. तिला हॉर्न ऐकू आलाय का, तेवढं जरा जाऊन बघा.