कोरा फळा पुसणारे तांबोळीसर

तांबोळीसर कोरा फळासुद्धा पुसून घेतात. धुतलेला कप पुन्हा विसळतात आणि साधी बेरीज करायची तरी कॅल्क्युलेटरचं सी बटण तीनदा दाबतात. नोएडातल्या आमच्या ऑफिसात कुणी हसलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "झीरो होता नहीं, करना पडता है."

सर मूळचे मिरजेचे. वीस वर्षं दिल्लीत काढूनही ऑटोवाल्यांशी मिरजेच्याच हिंदीत भांडतात. मी तिथल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली. त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिले तीन दिवस त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. यंत्राला वीज मिळते, तेव्हा त्याच्या मेमरीत काहीबाही आकडे पडलेले असतात. म्हणून खरा प्रोग्राम सुरू होण्याआधी स्टार्टअप कोड नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. ज्या व्हेरिएबल्सना, म्हणजे मेमरीतल्या नाव दिलेल्या कप्प्यांना, आपण सुरुवातीची किंमत दिलेली असते, ती किंमत तो मेमरीत नेऊन ठेवतो आणि उरलेल्या सगळ्यांत शून्य भरतो. आधीच्या मास्तरांचं लिहिलेलं पुसल्याशिवाय आपला तास सुरू करू नये, असं सर म्हणायचे. मी मान डोलवायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

आम्ही नवजात बाळांना थेंब-थेंब औषध देणारा सिरिंज पंप बनवत होतो. कंपनीचे मालक मलिकसाहेब यांना तो बटण दाबताक्षणी चालू व्हायला हवा होता. शून्य भरण्यात अर्धा सेकंद जायचा. मी ते शून्य भरणंच काढून टाकलं. टेबलावर पंप झकास चालला, मलिकसाहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. सरांना मात्र मी काही बोलले नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, एवढी अक्कल मला होती.

वीस पंप पानिपतच्या एका इस्पितळात जायचे होते. दुपारी व्हॅन दाराशी लागली, आणि सरांनी एक खोकं उघडायला लावलं. मराठी माणसानं पानिपतला काही धाडताना दोनदा तपासावं, म्हणाले. प्रवासासाठी बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या. त्यांनी एक बॅटरी बसवली, सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि पंप चालू केला. औषध दे असं कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पंप गप्प राहिला. मग मेमरीतलं जुनं सगळं पुरतं जावं म्हणून बॅटरी काढून ते दहा मिनिटं नुसते उभे राहिले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या टेबलावरच्या पंपाची वीज कधी पूर्ण गेलीच नव्हती. मी तो नुसता रीस्टार्ट करायचे, म्हणजे थांबताना प्रोग्रामनंच ठेवलेली शून्यं मला आयती मिळायची. तरी मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांदाही पंप गप्प राहिला. "तांबोळीजी, गाडी खडी है," मलिकसाहेब म्हणाले. सरांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि पुन्हा बॅटरी काढली. मी देवाला म्हणत होते, एवढी एक वेळ निभावून ने. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्यांदा दट्ट्या आपोआप पुढे सरकला. एकदम डोस द्यायचा की नाही हे सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये या खेपेला कचरा पडला होता, आणि पंपानं त्याचा अर्थ 'द्यायचा' असा घेतला. सगळी सिरिंज खाली ठेवलेल्या बशीत रिकामी झाली.

"सर, ते मी काढलं," मी म्हटलं.

मलिकसाहेब जे बोलले ते मी ऐकून घेतलं. व्हॅन रिकामी परत गेली. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मी काढलेल्या ओळी परत घातल्या आणि नवा प्रोग्राम पंपात भरला. चाचणीआधी बाळाचं वजन टाकावं लागतं. मी नेहमीसारखं तीन किलो टाकायला गेले.

"एक किलो सातशे टाक," सर म्हणाले.

"इतकं कमी का, सर?"

"आमचा तेवढाच होता."

सरांना मूल झालं होतं, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. असाच एक पंप होता, म्हणाले, आणि ते पाच दिवस काचेबाहेर बसून त्याचे थेंब बघत होते. त्या पंपानं काही चूक केली नव्हती. बाळच फार लहान होतं. मी बाळाचं नाव विचारलं.

"सातव्या दिवशी ठेवणार होतो," सर म्हणाले.

मी वजन टाकलं. त्यांनी बॅटरी काढून हातात धरली, आणि पुरती दहा मिनिटं आम्ही दोघं बसून राहिलो. मग त्यांनी ती परत बसवली आणि बटण मला दाबायला सांगितलं. दट्ट्या हलला नाही. सर तरीही बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.