डबीरांची हॅल्डन

गोविंदराव डबीरांच्या घरी चहा हवा असेल तर आधी एक गाडी ओळखावी लागे. पाहुणा खुर्चीला टेकतो न टेकतो तोच डबीर भिंतीवरची तसबीर उतरवून त्याच्या हातात देत आणि विचारत, "बोला जी, कोणती गाडी?"

तसबिरीत कोट-फेट्यातला एक तरुण ऐटीत उभा होता आणि त्याच्या मागे लांबलचक जुनी मोटार. मोठाले पितळी दिवे, दारावर नक्षी, उंच बॉनेट. पाहुण्यानं "हॅल्डन" म्हटलं की डबीरांचा चेहरा उजळे. ते लगेच स्टोव्हला पंप मारत आणि खव्याच्या जिलबीचा डबा पुढे येई. हॅल्डन म्हणजे त्या काळी राजेरजवाड्यांच्या दारात उभी राहणारी विलायती गाडी. पण पाहुण्यानं दुसरं कुठलं नाव घेतलं, तर त्याला पाणीही मिळत नसे. कारखान्यातल्या एका चार्जमनला तर त्यांनी "तुम्ही सायकलच चालवा" म्हणून दाराबाहेर काढलं होतं.

कांचघर वस्तीत आमची घरं समोरासमोर होती आणि नोकरी एकाच कारखान्यात, लष्करी ट्रकांच्या. तिथं डबीर इन्स्पेक्शनला होते. ट्रकचा सुटा भाग नखानं टिचकी मारून कानाशी नेत आणि म्हणत, "रिजेक्ट." हे वेड कारखान्याच्या गेटावर ठेवून ते घरी आले असते तर माझी काही हरकत नव्हती. पण ते भाजीवाल्याच्या दुधीलाही टिचकी मारत. एकदा त्यांनी गणपतीची मूर्तीसुद्धा रिजेक्ट केली होती, मूर्तिकाराच्या तोंडावर.

सगळ्यात मोठा ताप म्हणजे त्यांचं स्थळं तपासणं. गल्लीत कुणाच्या मुलीचं जमत आलं की हा एकटा जीव, बायको ना पोर, कुणी न बोलावता हजर. माझ्या पुतणीचं जवळच्याच गढा गावच्या एका मुलाशी ठरत आलं होतं. मुलाचा स्वतःचा ट्रक आहे, असं मध्यस्थ सांगत होता. डबीर सायकल मारत गढ्याला गेले, शेजारीपाजारी चौकशी केली आणि भर बैठकीत येऊन म्हणाले, "ट्रक मामाचा आहे, अन् मामाशी याचं पटत नाही. रिजेक्ट!"

झालं, माशी शिंकली. स्थळ मोडलं. माझ्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी बोलत असे, पण ते तोंडदेखलं. खरं सांगायचं तर मला या माणसाचा संताप येई. ज्याला स्वतःचा संसार मांडता आला नाही, त्यानं दुसऱ्यांच्या पोरींचे संसार कशाला तपासावेत?

मग बांगलादेशची लढाई लागली. कारखाना दिवसरात्र चालू लागला आणि ट्रक ताब्यात घ्यायला लष्करातले एक मेजरसाहेब येऊन राहिले. जुन्या मोटारी हा त्यांचा जुना शौक होता. नुसत्या दिव्यावरून गाडी सांगतात, अशी त्यांची ख्याती पसरली. ती कानावर जायचा अवकाश, डबीरांनी त्यांना चहाला बोलावलं आणि मलाही साक्षीला.

"आज फैसला होऊन राहिला," ते म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मेजरसाहेब हॅल्डनच म्हणणार. पाहून घ्या."

मी गेलो तो मजा बघायला. जगाला रिजेक्ट करणाऱ्या माणसाला कुणीतरी रिजेक्ट करावं, एवढीच माझी इच्छा होती.

मेजरसाहेबांनी तसबीर खिडकीशी नेली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "इसको फ्रेम से निकालिए."

डबीरांनी पकडीनं खिळे काढले. फोटोत बॉनेटवर एक बारीक उभी रेघ होती. फोटोला घडी पडली असावी असं आम्ही सगळेच समजत आलो होतो. मेजरसाहेबांनी फोटो उलटा केला. पाठ अगदी सपाट.

"फोटो में सिलवट नहीं है. सिलवट गाड़ी में है," ते म्हणाले. "लोहे में सिलवट नहीं पड़ती, भाई साहब, कपड़े में पड़ती है. यह गाड़ी नहीं, स्टूडियो का परदा है. देखिए, लड़के की परछाईं ज़मीन पर है, गाड़ी की है ही नहीं."

मला हसू फुटणार होतं. पण डबीर पांढरेफटक पडले होते.

"लेकिन देखनेवाले को तो हॅल्डन ही लगेगी ना?" त्यांनी विचारलं. "नया लड़का हो, अभी-अभी काम पर लगा हो?"

"नया हो, पर आँखें तो होंगी," मेजरसाहेब हसून म्हणाले. त्या भल्या माणसाच्या मनात काही वाकडं नव्हतं. चहा घेतला, जिलबीची तारीफ केली आणि गेले.

डबीर फोटो घेऊन बसून राहिले. मला उठवेना.

"हा माझ्या बहिणीचा नवरा," शेवटी ते म्हणाले. "जर्मनीच्या लढाईत मी नवाच लागलो होतो नोकरीला. कमलला सिहोऱ्याकडून स्थळ आलं, संगं हा फोटो. बाबा म्हणाले, तू मशिनरीतला माणूस, तू सांग. मी म्हटलं, हॅल्डन आहे, बाबा, डोळे मिटून द्या. त्यांनी तिथंच सुपारी फोडली."

"आणि लग्नात? गाडी कुठं आहे, कुणी विचारलं नाही?"

"विचारलं ना. मुलाकडचे म्हणाले, लढाई चालू आहे, पेट्रोल कुठून आणायचं? सगळ्यांच्याच गाड्या उभ्या होत्या तेव्हा. कोणाला शंका येणार?"

त्या घरात गाडी सोडा, धड दोन वेळचं जेवणही नव्हतं. कमल लोकांच्या शेतात राबली आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. हे त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. इतकी वर्षं समोर राहून मला या माणसाची नुसती चीडच येत होती.

"पण तिनं सांगायचं होतं," मी म्हणालो.

"एकदाच आली माहेरी, राखीला. मी पहिलं हेच विचारलं, काय गं कमल, गाडीतून फिरवतात का नाही तुला? तर म्हणाली, फिरवतात ना, दादा. हॅल्डनच आहे, तू बरोबर ओळखली. सगळा वेळ लुगड्यात पाय झाकून बसली होती. जायला निघाली, टांग्यात चढली, तेव्हा टाचा दिसल्या. भेगांतून रक्त येऊन राहिलं होतं."

त्यांनी फोटो पालथा करून ठेवला.

"मी पाहिल्या, जी. अन् टांगेवाल्याला म्हटलं, चलो."