लोखंडाचा ठिपका

"मेलाय तुमचा किरण!" मेरेडिथ टली कडाडली. "आठ महिने रांगेत काढले मी, आणि हे असलं मिणमिणतं काहीतरी माझ्या गळ्यात मारता?"

कॅलमने खिमा भरलेल्या मीट पायचा घास शांतपणे गिळला. मेलबर्नच्या सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं हे यंत्र तो अकरा वर्षं सांभाळत होता. ओरडणारे पाहुणे त्याला नवे नव्हते.

मेरेडिथच्या मोहरीएवढ्या स्फटिकाच्या खड्यात मँगनीज असायला हवं होतं. किरणांची ऊर्जा नेमकी मँगनीजला झोंबेल इतकी केली, की पडद्यावरचा एक ठिपका लख्ख उजळायला हवा. तो उजळला, की अणू शिस्तीत मांडलेले आहेत असं समजायचं. ठिपका ढिम्म.

"किरण ठणठणीत आहे. खडाच तुझा नसेल."

"डबीवर माझं नाव आहे, कॅलम! मला शिकवू नकोस."

कॅलमने ऊर्जा वाढवत लोखंडाला झोंबेल इथपर्यंत नेली. ठिपका भपकन उजळला.

मेरेडिथने खुर्ची ओढली आणि डबी पुन्हा तपासली. ब्रिस्बेनची नोएलीन असे खडे दोघांसाठीच बनवायची: मँगनीजचे मेरेडिथला, लोखंडाचे ऑकलंडच्या ग्रिफिन पाइकला. डब्या बदलल्या होत्या! त्याहून वाईट म्हणजे, त्या खड्यात लोखंडाचे अणू शिस्तीत बसतात, असं ग्रिफिन सहा वर्षं सांगत होता आणि प्रत्येक परिषदेत मेरेडिथ उभी राहून त्याला खोडून काढत होती.

"काय सुरेख शिस्त आहे!" कॅलम म्हणाला.

"गप्प बस! खडा फिरव."

खडा दोन दिवस सगळीकडून फिरवला. ठिपका निर्लज्जासारखा उजळतच राहिला. शेवटी दात-ओठ खात तिने ग्रिफिनला फोन लावला.

"ग्रिफिन, तुझा खडा माझ्याकडे आलाय. आणि... तुझं बरोबर आहे."



"नाही गं," ग्रिफिन नम्रपणे म्हणाला. "तुझं ऐकून ऐकून पटलं मला. मागच्याच आठवड्यात मी ते म्हणणं जाहीरपणे मागे घेतलं."

"मागे घेतलंस?" मेरेडिथ ताडकन उठली. "कुणाला विचारून? सहा वर्षं तुझं बरोबर होतं, आणि एका बाईच्या आरडाओरड्याला भिऊन शेपूट घातलीस? लाज नाही वाटत? बघतेच मी! पुढच्या परिषदेत तुला असा खोडून काढते, की..."

कॅलमने हळूच उरलेला मीट पाय तिच्यापुढे सरकवला.