अहो, गोळी घेतली का?

बाबांनी फोनवर उशी ठेवली होती आणि उशीवर ते स्वतः बसले होते. तरी खालून आईचा आवाज येतच होता, "अहो, गोळी घेतली का?" खरी आई त्या वेळी घरात नव्हतीच.

"हे तुझं अ‍ॅप बहिरं आहे का रे?" बाबा चिरंजीवांवर खेकसले. "तीनदा उत्तर दिलं याला!"

"काय उत्तर दिलंत?"

"हं, म्हणालो."

"बाबा, 'हं' नाही, 'हो' म्हणायचं. 'हो' ऐकलं की ते गप्प बसतं."

"तुझ्या आईला चाळीस वर्षं 'हं' पुरलं, आणि याला पुरत नाही? मोठं शहाणं लागून गेलंय!"

चिरंजीव म्हणजे या घरातले एकुलते एक. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे हवं, कुठला रंग लोकांच्या डोळ्यांत खुपणार नाही, हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळे. सध्या त्यांच्याकडे होतं औषधांची आठवण करून देणारं आणि ब्लडप्रेशरची नोंद ठेवणारं अ‍ॅप. एका मोठ्या हॉस्पिटलने ते घेतलं तर ठीक, नाहीतर सगळी टीम बंद आणि चिरंजीव पुन्हा चपलाबुटांच्या सेलच्या जाहिरातींवर, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या जाहिरातींतून बिचारे नुकतेच सुटले होते. स्वप्नातसुद्धा त्यांना बूट दिसत.

अ‍ॅप कुणावर तरी वापरून बघायला हवं होतं, आणि पेशंट तर घरातच होता. बाबांना प्रेशरची गोळी रोज सकाळी घ्यायची होती. बाबा वजनमापांच्या खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासले, पण आपला काटा कुणी तपासलेला त्यांना खपत नसे. "मला काय धाड भरलीये?" हे त्यांचं गोळीवरचं कायमचं मत होतं.

गजराच्या टिंगटिंगला हा माणूस दाद देणार नाही, म्हणून चिरंजीवांनी शक्कल काढली. गजर आईच्या आवाजात! सगळं ऑफिस या कल्पनेवर फिदा झालं. लग्न झालेली माणसं त्या ऑफिसात फारशी नव्हती, नाहीतर कुणीतरी वेळीच हात धरला असता. आईने एकदाच फोनसमोर उभं राहून वाक्य म्हटलं आणि विचारलं, "आता मी रोज नको ना म्हणायला?"

"नको."

"मग इतकी वर्षं कुठे होतास रे बाबा?" असं म्हणून आईने दुसऱ्याच दिवशी पोहण्याच्या क्लासात नाव घातलं. क्लास नेमका गोळीच्या वेळी होता. पण आता काळजी कसली?

तर आता प्रश्न 'हं'चा. हॉस्पिटलवाल्यांना अ‍ॅप दाखवायचा दिवस जवळ आला होता आणि बाबा काही 'हो' म्हणायला तयार नव्हते. तेव्हा चिरंजीवांनी तेच केलं, जे घाईतला कुठलाही हुशार माणूस करतो. बाबांना बदलणं अवघड होतं, म्हणून त्यांनी नियम बदलला. गजरानंतर मिनिटभरात माणसाचा आवाज आला, की मग तो काहीही बोलो, गोळी घेतली असं धरायचं. साहेबांनी तर पाठ थोपटली. "वापरणाऱ्याला त्रास नको, हेच खरं डिझाइन! आणि हे बघ, पुरावा म्हणून ती उत्तरं साठवून ठेव." बाबांनी 'मला मान्य आहे' हे बटण न वाचता दाबलं. ते सगळेच दाबतात.

मग काय विचारता! रोज सकाळी हिरवी खूण. कॅलेंडर कसं हिरवंगार. एकही खाडा नाही! पहिल्या दिवशीचं उत्तर चिरंजीवांनी ऐकलं, आणि पुढची ऐकायची तसदी घेतली नाही. हिरवा रंग त्यांनीच निवडलेला होता आणि त्यांना तो फार आवडायचा.

साहेब तर हवेतच. "तुझे वडील म्हणजे आपला आदर्श पेशंट. त्यांनाच घेऊन ये. हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यांचं प्रेशर मोठ्या पडद्यावर दाखवू!"

बाबा आले. अंगात आईने विणलेला हिरवा स्वेटर, बरोबर आई. समोर हॉस्पिटलची मंडळी, आणि मधोमध त्यांच्या मुख्य डॉक्टरीणबाई. साहेबांनी हिरवं कॅलेंडर दाखवलं, टाळ्या झाल्या. बाबांनी स्वेटरची बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला, पट्टा फुगला आणि पडद्यावर आकडा उमटला. टाळ्या एकदम थांबल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "एकही गोळी चुकलेली नाही ना? मग प्रेशर एवढं कसं?"

"इतकी माणसं बघून वाढलं असेल," साहेब घाईने म्हणाले.

"गोळी घेतली, हे कशावरून म्हणता?"

"पुरावा आहे ना, मॅडम! प्रत्येक दिवसाचं उत्तर आहे. ऐकव रे."

चिरंजीवांनी पहिल्या दिवसाचं ऐकवलं. "अहो, गोळी घेतली का?" "हं, घेतली." साहेबांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"आता मधलं एखादं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो, गोळी घेतली का?" पाठोपाठ हॉलभर बाबांचा खणखणीत आवाज घुमला. "नाही घेत, जा! काय करशील?"

चिरंजीवांचं बोट घाबरून घसरलं, ते थेट पुढच्या दिवसावर.

"अहो, गोळी घेतली का?" "ते राहू दे. तुझ्या भावाने माझी शिडी नेली, ती परत कधी आणतोय? विचारलंस कधी?"

पट्टा परत फुगला. पडद्यावरचा आकडा वर सरकला.

"बंद कर रे!" बाबा ओरडले. पण बंद करायचं बटण चिरंजीवांनीच कोपऱ्यात छोटंसं, फिक्या रंगात ठेवलं होतं, दिसायला छान दिसावं म्हणून. ते काही केल्या सापडेना.

"अहो, गोळी घेतली का?" "आणि हा हिरवा स्वेटर मला टोचतो! पहिल्या दिवसापासून टोचतो! पण बोलायची सोय आहे का या घरात?"

अख्ख्या हॉलने आधी स्वेटरकडे पाहिलं, मग आईकडे, मग पडद्याकडे. आकडा आता असा काही चढला होता, की पुढच्या रांगेतला एक डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठलाच.

तेवढ्यात चिरंजीवांना बटण एकदाचं सापडलं, आणि त्या डॉक्टरच्या आधी आई उठली. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती. तिने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. एक अक्षर बोलली नाही. त्याच वेळी बाबांच्या खिशातून आजचा गजर झाला, "अहो, गोळी घेतली का?" बाबांनी खिशाकडे लक्षच दिलं नाही. मुकाट्याने गोळी तोंडात टाकली, घटाघट पाणी प्यायले आणि मान खाली घालून बसले.

मिनिट संपलं. आवाज काही आला नव्हता. हिरव्यागार कॅलेंडरवर पहिलीवहिली लाल फुली उमटली: आजची गोळी चुकली.

हॉलमध्ये हशा पिकला तो थांबेचना. चिरंजीवांच्या डोळ्यांसमोर मात्र बुटांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी बाबांना शांतपणे तपासलं, थोडा वेळ आडवं केलं, आणि आकडा उतरल्यावरच त्या साहेबांकडे वळल्या.

"गोळी घेतली की नाही, हे तुमच्या अ‍ॅपला कळत नाही. तो भाग काढून टाका. पण हे बोलणं ठेवा, आणि ते पेशंटला विचारून आमच्याकडे पाठवा. माझ्यासमोर येतो तो प्रत्येक जण म्हणतो, गोळ्या वेळेवर घेतो. इतकं खरं बोललेला पेशंट मी अजून पाहिला नव्हता. घेतलं तुमचं अ‍ॅप."

"मॅडम, तीच तर आमची मूळ कल्पना!" साहेबांनी क्षणाचाही वेळ लावला नाही.

चिरंजीव सुटले, पण बाबांचं काय? गाडीत मागच्या सीटवर दोघं शेजारी बसली होती. बाबांनी उकाड्यातही स्वेटर काढला नव्हता, उलट गळ्यापर्यंत ओढून घेतला होता. मधूनच त्यांनी, "तसा ऊबदार आहे हं," असं म्हणून पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. चिरंजीवांना स्वतःचीच लाज वाटत होती. रंगांच्या नादात बापाचा जीव त्यांनी टांगणीला लावला होता.

घर आलं. बाबा खाली मान घालून आत गेले. आई दारातच थांबली.

"माझीपण एक थायरॉइडची गोळी असते बघ सकाळची," ती हळूच म्हणाली. "माझ्या फोनवर बसवून दे ना तुझं ते अ‍ॅप. यांच्या आवाजात."

"तुला कशाला, आई? तू तर एकही गोळी चुकवत नाहीस."

"गोळीचं कोण बोलतंय?" आईने आत डोकावून बाबा ऐकत नाहीत ना, याची खात्री केली. "फक्त उत्तर द्यायला एकच मिनिट ठेवू नकोस. मला जास्त लागेल."