नानांची दहा पेरं

नाना कदमांनी तुम्हाला "जेवलात का?" असं विचारलं, तर घाईने उत्तर देऊ नका. त्यांचा हिरमोड होतो. प्रश्न टाकला की त्यांचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर जाऊन बसतो आणि एकेक पेर पुढे सरकतो. दहा पेरं होईपर्यंत ते तोंड उघडत नाहीत. दोह्यातल्या एशियन टाउनमधल्या चहावाल्याला ते "अदरक है?" असं विचारतात. तो बिचारा "है, है, है" असं तीनदा सांगतो, तरी नानांचा अंगठा सहाव्या पेरावरच असतो.

नाना आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. गाव खानापूर तालुक्यात, कतारमध्ये वीस वर्षं झाली. रोज सकाळी "यल्ला साहेब, चला!" करत आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना लुसैलच्या ऑफिसात सोडतात. मी पुढच्या सीटवर बसतो, म्हणून त्यांच्या तावडीत सापडलो. जगातल्या कुठल्याही विषयावर ते भरभरून बोलतात. फक्त गावी कॉलेजात असलेल्या मुलाबद्दल विचारलं की "बरा हाय" म्हणून गिअर बदलतात.

ही पेरांची सवय लागली तानाजीमुळे. तानाजी त्यांचा रूममेट, गावाकडचाच. इथल्याच एका बांधकामावर परांचीवरून पडला आणि मेंदूला मार बसला. जीव वाचला, माणसं ओळखू लागला, पण बोलणं गेलं; डॉक्टरांच्या भाषेत अफेझिया. गावात भावकीने परस्पर ठरवून टाकलं की तानाजी खुळा झाला. त्याची बायको सुरेखा नानांना फोनवर एकच सांगायची, "नाना, त्यांच्या तोंडनं एक शबुद ऐकवा. मग बघते ह्या सगळ्यांकडं."

तेव्हापासून नानांनी वही ठेवली. दवाखान्यात डॉक्टर बोलले की इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवायचा, सकाळी बसमध्ये मला विचारायचं, "हे सुरेखाला कळायचं न्हाय" म्हणून माझं उत्तर नापास करायचं आणि स्वतःचा अर्थ लिहायचा. मी मोबाईलमधून पानंच्या पानं वाचून दाखवली. वहीत त्यातलं अक्षर नाही.

'अफेझिया: गाडीत माणसं बसल्याली हायत, दार उघडंना. माणसं पळून गेली न्हाईत.'

'न्यूरोप्लास्टिसिटी: मेन रोड बंद, डायव्हर्जन चालू.' मेंदू बोलण्याची नवी वाट काढतो, हे दोह्यात ज्याने आठवडाभर गाडी चालवली, त्याला याहून जास्त समजावायला नको.

'प्रॉग्नोसिस: मोबाईल सांगतो ती पोचायची येळ. खरी येळ ट्राफिक ठरीवतं.' बरं होण्याच्या अंदाजाचा हा अर्थ वाचल्यावर मी माझी पानं गुपचूप बंद केली.

फजिती एकदाच झाली. डॉक्टर म्हणाले, तानाजी सध्या प्लॅटोवर आहे. म्हणजे सुधारणा थोडे दिवस जागच्या जागी अडकली आहे. नानांनी फोनवर कळवलं, "सुरेखा, तानाजी राउंडअबाऊटवर हाय." तिकडे रडारड सुरू झाली. "एवढ्या उन्हात त्यांना रस्त्यात कशाला वो हुबं केलं?" मग पुढचा अर्धा तास नाना घसा फोडून सांगत होते, "अगं, गाडी गोल फिरतीया, थांबली न्हाय. एक्झिट घावंल!"

दहा पेरांचा उपाय बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंचा. प्रश्न विचारा आणि थांबा, मनात दहा मोजा, त्याचा शब्द त्याला शोधू द्या, असं त्यांनी सांगितलं. नानांनी ते बोटांवर घेतलं आणि सराव म्हणून सगळ्या कतारवर चालवलं.

गेल्या शुक्रवारी सुट्टी होती, म्हणून मीही दवाखान्यात गेलो. नानांनी सुरेखाला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागे सगळी भावकी गर्दी करून उभी होती. तिने विचारलं, "अहो, जेवलात का?" तानाजीचे ओठ हलले, आवाज काही येईना. मागून कोणीतरी ओरडलं, "अरं तान्या, जेवलो म्हण की!"

"वरडू नगा!" नाना खेकसले. "त्यो भैरा न्हाय. आन् खुळाबी न्हाय."

अंगठा निघाला. दहा पेरं झाली, काही नाही. मला ते बघवेना. मीच त्याला शब्दाची सुरुवात करून देणार होतो, तेवढ्यात नानांनी माझ्याकडे न बघता माझा गुडघा दाबला आणि पुन्हा करंगळीपासून मोजायला घेतलं. तानाजीच्या कपाळावर घाम आला होता. दुसऱ्या फेरीतल्या चौथ्या पेराला तो म्हणाला,

"भा... भाकरी... न्हाय."

समोर ताटात पास्ता होता.

सुरेखा रडत होती आणि हसतही होती. मागे वळून ती भावकीला म्हणाली, "ऐकलं का? खुळा माणूस भाकरी मागतो व्हय?"

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. मला वाटलं, नाना आता गप्पांचा फड लावतील. पण त्यांनी फोन हातात घेतला आणि नुसताच धरून ठेवला.

"साहेब, मी हिकडं आलो तवा पोरगं दोन वर्षांचं हुतं," ते म्हणाले. "फोनवर आमचं बोलणं काय? 'बरा हायस?' 'बरा.' 'दे आईकडं.' मला वाटायचं पोरगंच घुमं हाय. त्या बाई दहा मोजा म्हणाल्या, तवा उमगलं. मी त्याला दोनबी मोजून दिलं न्हाईत."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कसा हायस रं?"

"बरा."

नानांनी 'दे आईकडं' गिळलं. अंगठा करंगळीवर गेला. तीन पेरं, चार, पाच. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. आठव्या पेराला मुलगा म्हणाला, "नाना, तुमी कसं हायसा?"

वीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं असावं. प्रत्येक शब्दाचा अर्थ वहीत लिहून ठेवणारे नाना तोंड उघडून बसले, आणि त्यांना एक शब्द सापडेना. त्यांचा हात मांडीवर तसाच पडला होता.

"हॅलो? नाना? आवाज येतोय का?"

मी फोनकडे वाकलो आणि म्हणालो, "थांब रे बाळा. ते सांगतायत."

मग मी माझा अंगठा माझ्या करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला.