दळवी काकांचं परराष्ट्र धोरण

आमच्या तीन मजली बिल्डिंगला परराष्ट्र धोरण आहे, हे मला बदलापूरच्या मांजर्लीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मी चाटच पडलो. सांगणारे आमचे सेक्रेटरी दळवी काका, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. डावीकडे सात मजली टॉवर, उजवीकडे बैठी चाळ, मध्ये आम्ही. "म्हणजे आपण कतार, तुर्कस्तान या मध्यस्थांच्या लायनीतले," काका गंभीरपणे म्हणाले. "मधल्या देशाने दम नाय द्यायचा. आपली सवय लावायची."

सवय त्यांनी खरोखरच लावली. उन्हाळ्यात चाळीला आमच्या बोअरचं पाणी, गणपतीत टॉवरला आमची शिडी. पार्किंगवरून दोघे हातघाईवर आले की बोलणी आमच्या गच्चीवर, काकांच्या कांदाभज्यांसकट. सोसायटीने पाणी उपसायचा भलामोठा डिझेल पंप घ्यावा म्हणून ते हटून बसले, तेव्हा मी कडाडून विरोध केला. त्यांचं उत्तर एकच, शेजाऱ्यांकडे नाही म्हणून तर घ्यायचा.

गेल्या पावसाळ्यात उल्हास नदी गल्लीत शिरली. चाळीतली माणसं पोराबाळांसकट आमच्या जिन्यात दाटीवाटीने उभी, आणि टॉवरवाल्यांनी चक्क गेट लावून घेतलेलं. मला धक्काच बसला. काकांनी टॉवरच्या सेक्रेटरीला फोन लावला. "तुमच्या बेसमेंटमध्ये पाणी भरलं असेल ना? पंप घेऊन येतो. सोबत चाळीतली मंडळी आहेत, हॉल उघडून ठेवा." आवाज जराही चढवला नाही. थोड्याच वेळात अख्खी चाळ टॉवरच्या हॉलमध्ये चहा पीत होती.

वर चला म्हटलं, तर काका टॉवरच्या बेसमेंटच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात पंपाचा पाइप धरून तसेच उभे.

"याच टॉवरमध्ये पाचव्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ राहतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बदलापूर गावातलं घर विकलं तेव्हापासून बोलणं नाय. लाइट गेलीय, एकटा असेल. जेवला का, तेवढं बघून या. माझं नाव काढू नका."

मी सुन्न झालो. सगळ्या गल्लीला एका सतरंजीवर बसवणारा हा माणूस!

पाच मजले चढलो. भावाने दार उघडलं ते मेणबत्ती हातात घेऊनच. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "दादाला पाण्यातून बाहेर यायला सांगा. कधीचा बघतोय वरून. मी सांगितलं म्हणू नका."

आता मात्र मला दोघांचाही संताप आला. तरातरा खाली आलो आणि काकांना सरळ सांगितलं, "भावाने वर बोलावलंय."

काकांनी एकदा वर पाचव्या मजल्याकडे पाहिलं. मग पाइप माझ्या हातात देऊन, कठड्याला धरत, ओल्या पायांनी जिना चढू लागले.