बचावाला एक धाव जास्त

बेसबॉलमध्ये ‘बचाव’ या शब्दाचा नेमका अर्थ आमच्या तालुक्यात माझ्याइतका कोणालाही ठाऊक नाही! हे मी नम्रपणे सांगतो. गर्वाने सांगायला समोर कोणी प्रतिस्पर्धी तरी असावा लागतो. तीस वर्षे मी न्यू ऑल्स्टेडच्या शाळेत व्याकरण शिकवले आणि तितकीच वर्षे मैदानाच्या लाकडी खोलीत बसून गावच्या संघाचे अधिकृत गुणलेखन केले. लोक समजतात, शेवटी येऊन सामना जिंकून दिला की झाला बचाव. साफ चूक! ‘वाचवणे’ या क्रियापदाला आधी संकट लागते. आपला संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना जो गोलंदाज शेवटचा डाव टाकायला येतो आणि आघाडी टिकवतो, त्याच्या नावावर बचाव लागतो. आघाडी चार धावांची असली, तर तेच चेंडू, तोच घाम, आणि नावावर शून्य.

त्या रविवारी सकाळी हे सर्व मी माझा मेहुणा व्हर्लिन याला फोनवर पुन्हा एकदा समजावून सांगितले. व्हर्लिन चव्वेचाळीस वर्षांचा, धान्याच्या कोठारावर कामाला. त्याच्या नावावर एकसष्ट बचाव होते. लीगचा विक्रमही एकसष्टच. आणखी एक मिळाला, तर मैदानाच्या कुंपणावरील फलकावर त्याचे नाव लागणार होते. हंगामातला हा शेवटचा सामना होता, आणि मंगळवारी त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. पुढे चेंडू फक्त बघायचा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

“दाजी, व्याकरण राहू द्या. आज मिळेल ना?”

“खिशात आहे असं समज!” मी म्हणालो.

आणि खरोखर तो खिशातच होता! आठव्या डावात आमची फलंदाजी आली, तेव्हा आम्ही सहा-तीन असे पुढे होतो. बरोबर तीन! व्हर्लिन कुंपणाकडेला हात मोकळा करत होता. आमचे दोन गडी बाद झाले होते. तिसरा डेल्मार. या गृहस्थाने सहा वर्षांत मैदानाबाहेर फक्त थुंकी टाकली होती. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू थेट शेजारच्या मक्यात जाऊन पडला. होमरन! सात-तीन.

लग्नात फुकट बिअर मिळालेल्या मामासारखा डेल्मार नाचत नाचत धावला. सारे गाव उभे राहून ओरडत होते. तीन माणसे तेवढी गप्प होती. मी, हातमोजा जमिनीवर आपटणारा व्हर्लिन, आणि त्याची बहीण मार्लिस, म्हणजे माझी पत्नी. ती तरातरा खिडकीखाली आली.

“अहो, चार झाल्या ना? मग आता?”

“आता काही नाही.”

“काही नाही कसं? त्या मेल्याची एक खोडून टाका की वहीतून!”

तेवढ्यात संघाचा व्यवस्थापक गेलर्ड पोचला. माझा जुना विद्यार्थी. चाळिशी उलटली तरी माझ्यासमोर टोपी काढतो. “सर, व्हर्लिनला आणू का? बचाव नाही तर नाही, निरोपाचे चार चेंडू तरी टाकेल.”

मी ‘आण’ म्हणालो असतो, तर ही कथा लिहावी लागली नसती. पण ज्ञान स्वस्थ बसू देत नाही!

“थांब,” मी म्हणालो. “नियमाला दुसरं पोटकलम आहे. आघाडी कितीही असो, बरोबरी साधू शकणारा खेळाडू पुढच्या पाळीसाठी उभा असेल, तरी बचाव धरतात. त्यांचे दोघे बेसवर चढले, की तिसरा बॅट घेऊन उभा आणि रांगेतला चौथा बरोबरीचा. झालं!”

“पण चढले पाहिजेत ना!”

“चढव. रुबेनला सांग, बाहेर बाहेर टाक. दोघांना फुकट चालत जाऊ दे. मग व्हर्लिनला आण.”

“सर, हे बरं दिसेल का?”

“गेलर्ड, नियमात ‘बरं दिसणे’ असा शब्दप्रयोग नाही.”

रुबेन एस्पार्झा टर्कीच्या कारखान्यात काम करतो. सातव्या डावाच्या सुरुवातीपासून तोच गोलंदाजी करत होता आणि एकालाही त्याने बेसवर पाय ठेवू दिला नव्हता. गेलर्डचे म्हणणे ऐकून तो इतका मोठ्याने बोलला, की मला खोलीत ऐकू आले.

“का पण? मला कुणी मारलंय का?”

“अरे बाबा, वरून आलंय!”

रुबेनने वर माझ्या खिडकीकडे पाहिले. मी मान हलवली.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाचा पहिला चेंडू त्याने हातभर बाहेर टाकला. पण समोरचा फलंदाज हरण्याच्या रागाने पेटलेला! त्याने झेप घेऊन बॅट मारली, चेंडू आकाशात गेला आणि ज्याला कटाचा पत्ता नव्हता अशा आमच्या एका क्षेत्ररक्षकाने तो सुखाने झेलला. एक बाद. दुसऱ्यानेही बाहेरच्या चेंडूला बॅट लावली. चेंडू टपकत रुबेनकडेच आला, आणि त्याने सवयीने उचलून पहिल्या बेसवर फेकला. दोन बाद!

“अरे, फेकलास कशाला!” गेलर्ड किंचाळला. प्रेक्षकांनी एकमेकांकडे पाहिले.

पुढचे दोघे मात्र शहाणे निघाले. चार चेंडू बाहेर गेले की पहिला बेस फुकट; बॅट खांद्यावर ठेवून ते चालत गेले. संकट सिद्ध झाले! आता बाद करायचा होता एकच गडी. टाळ्यांच्या गजरात व्हर्लिन लंगडत आला. एवढ्या वेळात त्याने कुंपणाकडेला सत्तरेक चेंडू टाकले होते, आणि त्याचा हात उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता.

पहिलाच चेंडू मक्यात. बेसवरचे दोघे आणि फलंदाज, तिघांच्या तीन धावा. सात-सहा. दुसराही मक्यात. सात-सात! तिसऱ्या फलंदाजाला त्याने कसाबसा बाद केला, तेव्हा टाळी वाजवायला कोणाचे हात वर आले नाहीत.

मग आमच्या पाळीत त्यांनी एक चेंडू गलथानपणे फेकला, आमचा एक जण धाव पुरी करून घरच्या बेसवर पोचला आणि आम्ही आठ-सात असे जिंकलो. आणि इथे नियम आपले खरे रूप दाखवतो. निर्णायक धाव निघाली तेव्हा आमचा गोलंदाज कोण? व्हर्लिन. म्हणून विजयी गोलंदाज व्हर्लिन. आणि विजयी गोलंदाजाला बचाव देता येत नाही.

तो खोलीच्या दारात आला. गुडघ्याला बर्फ बांधलेला.

“दाजी, काय लिहिलंत?”

“विजय.”

“कुणाचा?”

“तुझा.”

“सामना घालवला मी. हरलो असं लिहा ना! निदान खरं तरी होईल.”

“तसा रकाना नाही, व्हर्लिन.”

“तुमच्या वहीत मला जागाच नाही म्हणजे.” पायऱ्या उतरायला त्याला फार वेळ लागला. मार्लिस त्याचा हात धरून गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

नंतर रुबेन आला.

“साहेब, दिलेल्या धावांपैकी माझ्या नावावर किती?”

“दोन. ते दोघे तुझ्या चेंडूंवर चढले होते.”

“तुम्हीच चढवायला लावलेत.”

मी खाली वहीत पाहू लागलो.

“आणखी एक विचारू? मी सातव्यात आलो. नववा पुरा केला असता, तर तीन डाव झाले असते. तीन डाव टाकून शेवटपर्यंत राहिलं की आघाडी कितीही असली तरी बचाव मिळतो, असं कारखान्यात कुणी म्हणत होतं. माझा पहिलाच झाला असता. खरं आहे का हो?”

“ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये,” मी म्हणालो.

तो गेल्यावर मी नियमांचे पुस्तक काढले. तिसरे पोटकलम तिथे होते. त्याच्याखाली पेन्सिलीने दोनदा ओढलेली रेघ होती, आणि समासात ‘महत्त्वाचे!’ असे लिहिले होते. अक्षर माझेच.